कूलर बंद, पंखा चालू

बाबा,

बुधवार, चौदा मे, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. वेळ मुद्दाम टिपून ठेवली आहे, कारण वेळ लिहिल्याशिवाय तुमच्या नागरी संरक्षण खात्यात कुठलीच गोष्ट घडलेली धरत नाहीत, हे मला तुम्हीच शिकवलंत. त्या वेळी माझ्या प्रतापनगरच्या घरात, पुढच्या खोलीत, तुमच्या फोटोच्या बरोबर खाली उभं राहून एका तिशीतल्या अधिकाऱ्याने हातातल्या फॉर्मवर 'खिडक्या बंद आहेत' या ओळीपुढे बरोबरची खूण केली. खिडकीत माझा कूलर बसवलेला होता आणि तो पूर्ण वेगाने चालू होता. अधिकाऱ्याच्या कपाळावरचे केस त्या वाऱ्याने उडत होते, तरी त्याने खूण केली.

तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, तेव्हा थोडं मागचं सांगायला हवं. तुम्ही ज्या प्रशिक्षण वर्गात शिकवत होता, तो वर्ग अजून चालतो. अणुवीजकेंद्रांच्या आसपासच्या गावांतली माणसं अजून येतात: तलाठी, शिक्षक, अंगणवाडीच्या बायका. केंद्रात अपघात झाला तर गावातल्या लोकांना किरणांपासून कसं वाचवायचं, ते आठ दिवस शिकतात आणि परत जातात. जाताना त्यांच्या हातात अजूनही तुमचाच कागद असतो. 'घाबरू नका. घरात या. दार लावा. खिडक्या लावा.' तोच. आता तो पिवळ्या जाड कागदावर छापतात, एवढाच फरक. त्याला सगळे 'सरांचा कागद' म्हणतात. सरांच्या कागदातला शब्द बदलायचा नाही अशी तिथे रीतच पडली आहे. एक प्रत तुमच्या फोटोशेजारी चौकटीत लावलेली आहे. ती मी इतकी वर्षं रोज पाहत आले. पाहत आले म्हणते, वाचत आले असं म्हणत नाही.

तर बुधवारी सरावासाठी आमची कॉलनी गाव झाली होती. वीजकेंद्राच्या कुंपणापासून चार किलोमीटरवरचं गाव. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला आरोग्य केंद्राची पाटी लावली, मैदानातल्या बाकाला पंचायतीची. उन्हाने डांबर पायाला चिकटत होतं. सायरन झाला, आणि सगळ्यांनी घरात जायचं तेव्हा समोरच्या बाई उलट गच्चीकडे पळाल्या. वर कुरडया वाळत होत्या. खालून कोणी तरी ओरडलं, "अवो, आत व्हा, किरणं पडून राहिली ना!" तर ह्या जिन्यातून म्हणतात, "पडू दे, पयले माह्या कुरडया." त्यांना लाल शेरा मिळाला आणि तो योग्यच होता. तुमच्या कागदात आहेच की, गच्चीवरचं वाळवण आणायला जाऊ नका आणि नंतर ते खाऊही नका. ती ओळ तुम्ही आईकडे पाहून लिहिली होती.

माझ्या घरी निरीक्षक म्हणून एक अंगणवाडी सेविका बसवली होती. प्रशिक्षणार्थीच. बत्तीस-तेहतीसची असेल, काटक, बोलायला मोकळी. माहेर वर्ध्याकडचं, आणि सासर खरोखरच एका वीजकेंद्रापासून चार किलोमीटरवर, म्हणजे आम्ही जे खोटं गाव होतो ते तिचं खरं. दीड वर्षाची मुलगी सासूकडे ठेवून आली आहे. आल्या आल्या कूलरसमोर उभी राहून म्हणाली, "आमच्या इथंबी असाच आहे मॅडम, खिडकीत बसवलेला. पोरगी त्याच्यासमोरच झोपते. बंद केला का जागी." मी तिला थंड पाणी दिलं. तोवर मला काही सुचलं नव्हतं. सुचलं ते अधिकाऱ्याच्या त्या खुणेने.

"खिडकी बंद कुठे आहे?" मी विचारलं.

"मॅडम, पॅक आहे ना पूर्ण. कूलर बसवला आहे तिच्यात."

"ती बंद नाही. तिला तुम्ही नाक लावून दिलंय."

त्याला कळलं नाही. तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी, न कळल्याचा चेहरा मला लांबून ओळखू येतो. देवघरातली उदबत्ती घेतली, पेटवली, मागच्या दाराने बाहेर गेले आणि कूलरच्या पाठीमागे, वाळ्याच्या ताट्यांपासून हातभर अंतरावर कुंडीत खोचली. आत आले. मिनिटभरात सगळी खोली मोगऱ्याच्या वासाने भरली. अपघातानंतर वीजकेंद्रातून जे बाहेर पडतं ते असंच हवेवरून येतं, बारीक धूळ आणि वायू, ढगासारखं. गावावरून काही तासांत पुढे सरकतं. तेवढे तास भिंतींच्या आत, कोंडलेल्या हवेत बसायचं, श्वासात कमीत कमी जाऊ द्यायचं, ढग गेला असं सांगितलं की दारं उघडायची. तुमच्या कागदाचा सगळा जीव त्या कोंडलेल्या हवेत आहे. आणि कूलर दुसरं काहीच करत नाही, बाहेरची हवा ओढून आत फेकतो. दारं लावून कूलर चालवणं म्हणजे त्या ढगाला घरात बोलावून पाळण्यावर सोडणं.

"वास छान आहे मॅडम," अधिकारी म्हणाला. मी कूलरकडे बोट केलं. मग तो वरमला. "नाही, पटलं मला. एकदम पटलं. पण कागदात कूलर नाही. जे कागदात नाही त्याचे मार्क मी कसे कापू? आणि कागद तर तुमच्याच बाबांचा आहे ना." हे तो तुमच्या फोटोकडे बघून म्हणाला, आणि अदबीने म्हणाला, त्याचाच जास्त राग आला. पोरगा वाईट नाही. जाताना सांगून गेला की हा कागद ज्या इंग्रजी पुस्तिकेवरून केला तिच्यात तशी ओळ असेल आणि मराठीत कोणाकडून गळली असेल तर तसा लेखी अर्ज द्या, कोणी गाळली ते लिहून, म्हणजे साहेब शनिवारच्या आत नवा कागद छापतील. शनिवारी सकाळी ही तुकडी गावी परत जाते, पिवळ्या कागदांचे गठ्ठे घेऊन. सेविकेच्या पिशवीत अडीचशे प्रती असतील. ती त्या घरोघर वाचून दाखवणार आहे, पहिल्यांदा स्वतःच्या सासूला.

तो गेल्यावर सेविका बसूनच राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं खरं आहे. पण मे महिन्यात दारं लावून कूलर बंद केला तं पोरगी उन्हानंच मरन ना. किरणं तं नंतरची गोष्ट." बाबा, तिचंही खरं होतं. जिची जीभ अख्ख्या स्टाफरूममध्ये कोणी अंगावर घ्यायला धजावत नसे अशी बाई मी, आणि एका सेविकेने एका वाक्यात खाली बसवलं. पुस्तिका थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली. तिकडे दारंखिडक्या लावून बसायला सांगितलं तर माणूस स्वेटर काढतो. आपल्याकडे त्याच वाक्यात माणूस जाऊ शकतो.

तेव्हा मला तुमची पद्धत आठवली. आधी घरात. जे आपल्या घरात दोन तास निभत नाही ते लोकांना लिहून सांगायचं नाही. डिसेंबरची सुट्टी आहे, नाताळसाठी आमचं कॉन्व्हेंट बंद. धरमपेठेतल्या त्या दोन खोल्यांत तुम्ही दुपारी दारं लावता, फटींना ओली फडकी कोंबता, मनगटावरचं घड्याळ काढून जमिनीवर ठेवता आणि आम्हाला सांगता, "चला, झाला अपघात." आई अर्धा स्वयंपाक सोडायला तयार नाही. स्टोव्ह तसाच भणभणतो आहे. अर्ध्या तासात रॉकेलच्या धुराने माझे डोळे चुरचुरायला लागतात, तुम्ही खोकता, आणि आई भाजी ढवळत म्हणते, "तुमची किरणं यायची तवा येतीन, हा धूर आदीच मारीन आमाले." तुम्ही हसता. वही ओढता आणि लिहिता, 'चूल, स्टोव्ह पेटवू नका. शिजलेलं आणि झाकलेलं असेल ते खा.' मग तहान लागते, तर माठ बाहेर ओसरीत. ओळ वाढते, 'पाणी आधी आत घ्या.' अशी एकेक ओळ तुम्ही आमच्या घरात बसून कमावली. म्हणून तो कागद इतकी वर्षं टिकला. लोकांना त्यात आपलं घर दिसतं.

पण तो डिसेंबर होता, बाबा. कूलरला गोणपाट गुंडाळून तुम्ही त्याला दिवाळीनंतरच मागच्या बोळात नेऊन ठेवला होता. घरात नसलेल्या वस्तूची परीक्षा कशी होणार?

मी सेविकेला विचारलं, "बसतेस दोन तास?" ती म्हणाली, "बसू ना. तिकडं हॉस्टेलवर जाऊन काय करू, तिथं तं पंखाबी किरकिरते." चार ते सहा. मधली खोली घेतली, जिला बाहेरची भिंत एकच आहे. कूलर बंद केला, त्याच्या जाळीवर आतून जुनी जाड चादर डबल करून ठोकली. पंखा चालू ठेवला. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो, बाहेरचं काही आणत नाही, हे मला नीट बसून विचार केल्यावर लक्षात आलं, आणि ती म्हणाली, "मंग एवढंच सांगा ना लोकायले. कूलर बंद, पंखा चालू. आमाले वाटते बंद म्हनजे सगळंच बंद." फरशीवर पाणी शिंपडलं. दोन ओढण्या भिजवून अंगावर घेतल्या. पाऊण तासाने माझं डोकं भणभणायला लागलं, साठी उलटलेल्या बाईचं भणभणणारच. तिने माझ्या पायांना ओलं फडकं गुंडाळलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजलं, एकदाही न विचारता, जसं लहान मुलाला पाजतात. पाच वाजता म्हणाली, "वेळ निघते हो मॅडम. जमते. मजा नाही येत, पण जमते." सहा वाजता दार उघडलं तर बाहेरची झळ आत आली आणि आम्हाला दोघींना ती गार वाटली. मग उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "मोठ्यायचं जमते. पण तान्ह्या लेकरायले आन् बाळंतिणीले गावाबाहेर न्यायले पयली गाडी लावा म्हना. त्यायले दोन तास नका बसवू." तीही ओळ मी लिहून घेतली. ती घरात बसून कमावलेली आहे, तुमच्या नियमात बसते.

ती गेली आणि मी तुमची पत्र्याची पेटी काढली. पुस्तिका आहे त्यात, सायक्लोस्टाइल केलेली, खाकी पाकिटात, कडा तपकिरी झालेल्या. अर्ज करायचा तर मूळ दाखवायला हवं. मला रागच फार आला होता. मी मनात वाक्यं जुळवत होते, तुमच्या खात्याला सुनवायची वाक्यं. एवढी वर्षं झोपला होता का, लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा, वगैरे. नवव्या पानावर ती ओळ सापडली. बाहेरची हवा आत ओढणारं प्रत्येक यंत्र बंद करा, अशा अर्थाची, आणि पुढे तीन यंत्रांची नावं. सगळ्या पुस्तिकेत प्रत्येक ओळीपुढे तुमची पेन्सिलची बारीक खूण आहे, मराठीत उतरली म्हणून. ह्या ओळीपुढे खूण नाही. प्रश्नचिन्ह आहे. त्याखाली तुमच्या अक्षरात, 'पोरीले विचारणे.' आणि त्यावर मागाहून मारलेली एक सरळ रेघ.

राग कुठे गेला ते कळलं नाही. नुसता थकवा उरला, आणि तो कालपासून उठत नाही.

तो मे महिनाच होता, त्या डिसेंबरच्या आधीचा. मी चौदा वर्षांची आहे. परदेशात कुठल्याशा वीजकेंद्रात अपघात झाल्याचं पेपरात येऊन गेलं आहे, आणि तुम्ही एका दुपारी घामाने चिंब होऊन ते खाकी पाकीट घेऊन येता. दार लावून घेता. आईलाही कळू नये अशा आवाजात मला म्हणता, "तुले येते ना वं इंग्रजी? सायबानं आठ दिवसात मराठी मागतलं. मी हो म्हनून आलो." तुम्ही शिडी शिकवायचे, स्ट्रेचर शिकवायचे, दोराच्या गाठी अशा मारायचे की बघत राहावं. इंग्रजी तुम्हाला अक्षरं लावून वाचता येई, अर्थ लागत नसे. हे कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हतं. आणि मला ते काय वाटलं सांगू? मला ते फार आवडलं. कॉन्व्हेंटात सिस्टर माझं वाचन इतर वर्गांना ऐकवायच्या, घरी मी तुमचे उच्चार सुधारायची. आता तुम्हाला माझी गरज पडली होती.

कूलरसमोर बसून मी ते सगळं लिहिलं. पत्र्याचा होता, आठवतो ना, जरीपटक्याच्या बाजारातून रिक्षावर बांधून आणलेला. पाण्याचे शिंतोडे उडायचे. मी 'नागरिकांनी आपापल्या निवासस्थानाबाहेर पडू नये' असं लिहायची आणि तुम्ही ते वाचून, मान हलवून, खाली लिहायचे, 'घरात या.' अर्थ माझा आणि शब्द तुमचे, असा तो कागद झाला. नवव्या पानावर आले. ती तीन नावं मला येत नव्हती. एकही नाही. शब्दकोश शाळेत, शाळेला सुट्टी. शिंतोड्यांनी शाई पसरत होती म्हणून मी वही बाजूला ओढली, आणि मनात म्हटलं, असली यंत्रं विलायतेत असतील, आपल्याकडे खेड्यात कोणाकडे आहेत? आणि पान उलटलं. ज्या यंत्राच्या पाण्यापासून मी वही वाचवत होते त्याच यंत्राबद्दल ती ओळ होती. ते माझ्या तोंडावर हवा फेकत होतं आणि मला ते दिसलं नाही, कारण इंग्रजी पुस्तकात आपल्या घरातली वस्तू असू शकते असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्या काळच्या खेड्यांत कूलर नव्हते, हे खरं आहे. काल रात्रीपासून मी हे स्वतःला दहा वेळा सांगितलं. मुलांनी असली कारणं दिली तर मी ऐकून घेत नसे. भाषांतरात वाक्य गाळलं की त्या प्रश्नाला शून्य, हा माझा नियम होता आणि त्यावरून पालक भांडायला यायचे. "एकच तर ओळ मॅडम," म्हणायचे. "मग ती एकच ओळ लिहायला काय झालं होतं?" असं मी म्हणायची. तेहतीस वर्षं.

पण ओळ गाळली हे सगळं नाही, बाबा. तुम्ही विचारलं होतंत. त्या पेन्सिलीच्या अक्षरांनी ते परत आणून समोर ठेवलं. सकाळ आहे, आई ओट्याशी पोळ्या लाटते आहे, मी दूध पिते आहे, आणि तुम्ही पुस्तिका उघडी धरून, बोट त्या ओळीवर ठेवून, अगदी चोरट्यासारखे येता. "येथं एक वाक्य राह्यलं का वं? बाकी जागी इंग्रजीत दोन तं मराठीतबी दोन ओळी आहेत, येथं मराठीत एकच दिसते." अर्थ लागत नव्हता तरी तुम्ही ओळी मोजल्या होत्या. दोरीच्या गाठी मोजाव्यात तशा. आणि मी, ते वाक्य मला आलं नव्हतं हे सांगायची लाज वाटून, म्हणाले, "बाबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही ना? मग मला शिकवू नका. सगळं झालंय."

आईचं लाटणं थांबलं. "जीभ आहे का कात्री वं तुही?" ती म्हणाली. आणि तुम्ही तिलाच गप्प केलंत. "राहू दे. तिले येते ते मले येत नाही. खरंच तं बोलली." मग माझ्याकडे न बघता "बरं," असं म्हणालात आणि पुस्तिका मिटलीत. रेघ तुम्ही तेव्हाच मारली असणार. त्यानंतर तुम्ही मला आयुष्यात कधी कुठलं वाक्य विचारलं नाहीत, आणि मी समजत राहिले की तुमचा माझ्यावर फार विश्वास आहे.

आता माझी तक्रार ऐका, कारण ती आहेच. चूक माझी, तोंड माझं, मान्य. पण मी चौदाची होते आणि तुम्ही चाळिशी ओलांडलेले. तुम्हाला शंका आली होती. ती तुम्ही लिहून ठेवली होती. साहेबांना जाऊन एवढंच विचारायचं होतं, "येथं काय लिहिलं आहे?" विचारलं नाहीत. विचारलं असतं तर तुम्हाला इंग्रजी येत नाही हे उघडं पडलं असतं, ही एक गोष्ट. आणि मुलीने चूक केली हे तिला कळलं असतं, ही दुसरी. लोकांना वाचवणं हा तुमचा पेशा होता, आणि त्या सकाळी तुम्ही वाचवलंत मला. मला कोणी वाचवायला सांगितलं होतं? मी काही वीजकेंद्राशेजारी राहत नव्हते.

अर्ज लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात लिहिलं, 'भाषांतरकाराकडून अनवधानाने एक ओळ गळली.' वाचून पाहिलं. भाषांतरकार म्हणजे सगळे तुम्हालाच समजणार. फोटोखाली उभं राहून तो पोरगा ज्या अदबीने बोलला ती अदब एका वाक्यात संपणार. बरं, खरं लिहावं की भाषांतर मी केलं, चौदाव्या वर्षी, तर लगेच कळतं की तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि तुम्ही ते लपवलंत. म्हणजे एक तर चूक तुमच्या नावावर टाकायची, नाही तर तुमचं झाकलेलं उघडं करायचं. तिसरं म्हणजे अर्जच द्यायचा नाही, सेविकेला तोंडी सांगायचं, ती सांगेल तिच्या सासूला. पण ती अडीचशे घरांत वाचणार आहे ते छापलेलं वाचणार आहे. तिने जाताना मला म्हटलं होतं, "मॅडम, मी सांगितलं तं लोक म्हनतीन, हे काहून सांगून राहिली, कागदात तं नाही. कागदात पाह्यजे." तिची मुलगी कूलरसमोर झोपते, बाबा. बंद केला का जागी होते. एवढं एकच चित्र कालपासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसरा मसुदा केला आहे. त्यात असं आहे की हा कागद दोघांनी लिहिला. इंग्रजीचा अर्थ लावला मुलीने, आणि तो लोकांना कळेल असा केला वडिलांनी, आपल्या घरात बसून, एकेक ओळ पारखून. एक ओळ मुलीने समजली नाही म्हणून सोडली आणि विचारल्यावर खोटं सांगितलं. वडिलांना शंका आली होती, पुरावा सोबत जोडला आहे, पान नववं, पेन्सिल. खाली तीन नव्या ओळी, कूलरची, पंख्याची आणि पहिल्या गाडीची. शेवटची सेविकेची आहे, असंही लिहिलं आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं, तेवढी म्हातारी झालेले नाही. पेटीत पुस्तिकेच्या जागी राहील, कारण पुस्तिका उद्या अर्जासोबत जाईल. तरी तुमच्याकडून एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवं आहे. त्या सकाळी ओट्याशी, मी सगळं झालंय म्हणाले तेव्हा, मी खोटं बोलते आहे हे तुम्हाला कळलं होतं का? हो किंवा नाही. 'बरं' चालणार नाही. उत्तर उद्या, शुक्रवार, सोळा मे, सकाळी दहाच्या आत मिळावं. दहापर्यंत काही आलं नाही तर तुमची हरकत नाही असं समजून अर्जावर सही करण्यात येईल. सही मी आज सकाळीच केली आहे, शाईच्या पेनाने, कूलर बंद करून, पसरू नये म्हणून.